सांध्यातले सीलंट दोन्ही बाजूंनी सुटले : प्रायमरचे काम नेमके काय असते?

नवशिका_सांधेकरी (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

खिडक्यांच्या पावडर कोटिंग केलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटी आणि काँक्रीटची भिंत यांच्यामधल्या फटी बुजवण्याचे काम मी दीड वर्षापूर्वी केले होते. फट साधारण 12 मिलिमीटर रुंद होती आणि सीलंट एकघटकी पॉलियुरेथेनचे होते. 'बहुतेक पृष्ठभागांवर प्रायमरची आवश्यकता नसते' असे वाक्य त्याच्या माहितीपत्रकात वाचल्यामुळे प्रायमरचा खर्च आणि वेळ वाचवावा असे ठरवले. पहिले काही महिने बोटाने दाबून, नखाने उचकटून पाहिले तरी सीलंट जागचे हलत नव्हते. पावसाचे दिवस सरल्यावर मात्र एका खिडकीखाली ओल दिसली, म्हणून टोक पकडून ओढले, तर हातभर लांबीची पट्टी अलगद हातात आली.

ती पट्टी आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे. तिची काँक्रीटकडची कड राखाडी असून बोट फिरवले की पिठासारखी पूड बोटाला लागते. अ‍ॅल्युमिनियमकडची कड मात्र स्वच्छ आणि चकचकीत आहे. पावडर कोटिंगवर संत्र्याच्या सालीसारखा जो बारीक उंचसखलपणा असतो, त्याचा हुबेहूब ठसा तिच्यावर उमटलेला आहे. पट्टी स्वतः कुठेही फाटलेली नाही.

आता सगळे काढून पुन्हा करायचे आहे. प्रायमर म्हणजे पृष्ठभाग स्वच्छ करणारे द्रावण आहे, की तो स्वतःच एक प्रकारचा डिंक आहे? काँक्रीट आणि धातू या दोन्हींना एकच बाटली चालेल का? आणि माहितीपत्रकात गरज नाही असे लिहिलेले असताना गरज आहे हे ओळखायचे कसे?

फटबंद

आपण पट्टी फेकून न देता तिच्या दोन्ही कडा पाहिल्यात, हे फार चांगले केलेत, कारण निम्मे उत्तर तिथेच आहे. सीलंट स्वतः मधोमध फाटले असते, तर त्याची पकड त्याच्या अंगच्या ताकदीपेक्षा जास्त होती असे म्हणता आले असते, आणि सांधेकामात तोच निकाल हवा असतो. आपल्याकडे दोन्ही कडा सुटल्या आहेत, पण त्या एकाच कारणाने सुटलेल्या नाहीत.

काँक्रीटच्या बाजूला सीलंटची पकड सुटलेलीच नाही. ते ज्याला चिकटले होते तो थरच भिंतीवरून उपटून आला आहे. काँक्रीट ओतल्यावर पाणी आणि बारीक सिमेंट वर येऊन, किंवा साच्याच्या फळीलगत जमून, एक दुबळा, भुसभुशीत थर तयार होतो. त्यावर जगातले सर्वोत्तम सीलंट लावले तरी ते त्या थराइतकेच टिकणार. हा थर प्रायमरने मजबूत होईल अशी आशा अनेकजण धरतात आणि फसतात. सच्छिद्र पृष्ठभागासाठीचा प्रायमर छिद्रांत मुरतो, उरलीसुरली धूळ बांधून ठेवतो, भिंतीतून येणारी ओल आणि काँक्रीटचा क्षार सीलंटपर्यंत पोहोचू देत नाही. पण मुळातच सुटू पाहणाऱ्या थराला तो भिंतीशी खिळवून ठेवू शकत नाही. तिथे तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर फिरवून, आतली खडी-वाळूची घट्ट बाजू दिसेपर्यंत घासावे लागते. त्यानंतर तेलविरहित हवेच्या झोताने किंवा व्हॅक्यूमने धूळ काढावी. ओल्या फडक्याने पुसू नये, कारण त्याने धुळीचा चिखल होऊन तो छिद्रांत बसतो.

काँक्रीट नवे असेल तर किमान 28 दिवस जाऊ द्यावेत. जुन्या भिंतीतही ओल असू शकते. शेजारच्या सपाट भागावर साधारण 45 सेंटिमीटर लांबी-रुंदीचा पारदर्शक पॉलिथिनचा तुकडा चारही बाजूंनी टेपने घट्ट बंद करून किमान 16 तास ठेवावा; आतल्या बाजूला थेंब जमले किंवा काँक्रीटचा रंग गडद झाला, तर प्रायमरचा डबा उघडूच नये.

अ‍ॅल्युमिनियमच्या बाजूची गोष्ट निराळी आहे. तिथे पृष्ठभाग मजबूत होता, पण बंध झाला नाही किंवा झालेला टिकला नाही. पावडर कोटिंगमध्ये पृष्ठभाग गुळगुळीत राहावा म्हणून मेणासारखे घटक मिसळलेले असतात, शिवाय चौकटीवर हाताळणीचे तेल आणि संरक्षक फिल्मचा चिकटपणा राहिलेला असू शकतो. स्वच्छ करण्यासाठी दोन फडकी घ्यावीत. एका फडक्यावर आयसोप्रोपाइल अल्कोहोल ओतून पुसावे आणि ते उडून जाण्याच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. एकाच फडक्याने पुसून वाऱ्यावर वाळू दिले, तर द्रावकात विरघळलेली घाण द्रावक उडाल्यावर होती तिथेच पुन्हा बसते. फडके बाटलीत बुडवू नये, बाटली फडक्यावर ओतावी. नाही तर दुसऱ्या खिडकीपासून आपण पहिल्या खिडकीचे तेलच फासत जातो.

म्हणजे प्रायमर हा स्वच्छतेचा पर्याय नाही आणि डिंकही नाही. आणि एकच बाटली दोन्हींना चालेल असे धरून चालू नये. काँक्रीटसाठीचा प्रायमर बहुधा पातळ फिल्म तयार करणारा असतो, तर धातू, काच आणि कोटिंगसाठीचा प्रायमर डोळ्यांना जवळपास न दिसणारा थर ठेवतो. सीलंटच्या उत्पादकाने ज्या पृष्ठभागासाठी जो प्रायमर सांगितला आहे, तोच घ्यावा. एका कंपनीचे सीलंट आणि दुसरीचा प्रायमर असा संसार सहसा टिकत नाही.

एक विचारायचे राहिले. आपल्या पट्टीच्या आधी त्या फटीत जुने सिलिकॉन होते का? असल्यास ते खरवडून, घासून पूर्णपणे काढावे लागेल. सिलिकॉनचा अवशेष राहिलेल्या जागेवर पॉलियुरेथेन धरत नाही.

शंकेखोर

मी गेली अनेक वर्षे प्रायमरशिवाय सांधे भरतो आहे आणि फारशा तक्रारी आलेल्या नाहीत. वरच्या प्रतिसादातच मान्य केले आहे की खरा दोष दुबळ्या थराचा आणि तेलाचा होता. मग घासून, पुसून काम झाले असते. प्रायमर म्हणजे एकाऐवजी दोन बाटल्या विकण्याची सोय, असे माझे स्पष्ट मत आहे.

रेणूवाचक

शंकेखोर यांचे म्हणणे पूर्णपणे झटकून टाकण्यासारखे नाही. आजकालच्या अनेक सीलंटमध्ये पकड वाढवणारे सिलेन नावाचे रसायन आधीच मिसळलेले असते, म्हणूनच स्वच्छ काचेवर किंवा अ‍ॅनोडाइज केलेल्या (विजेच्या साहाय्याने ऑक्साइडचा थर चढवलेल्या) अ‍ॅल्युमिनियमवर ती प्रायमरशिवायही उत्तम धरतात. 'बहुतेक पृष्ठभागांवर' हे शब्द माहितीपत्रकात असतात ते याच कारणाने. पण 'बहुतेक' या शब्दात आपला पृष्ठभाग येतो की नाही, हे ते पत्रक सांगत नाही.

प्रश्नकर्त्याच्या पट्टीवर कोटिंगचा उंचसखलपणा हुबेहूब उमटला आहे, हा तपशील मला सर्वांत बोलका वाटतो. त्याचा अर्थ असा की ओले असताना सीलंटने पृष्ठभागाला नीट स्पर्श केला होता. ते प्रत्येक खळग्यात शिरले होते. म्हणजे भिजवण्याची पायरी पार पडली होती, पण नुसते भिजवणे म्हणजे बंध नव्हे. दोन पृष्ठभाग इतके जवळ आले की त्यांच्यात क्षीण रेणवीय आकर्षण निर्माण होते, आणि कोरड्या हवेत ते आकर्षण नखाने उचकटून पाहणाऱ्याला फसवण्याइतके पुरेसे असते. पाणी आले की चित्र बदलते. कोटिंग, काच, धातूवरचा ऑक्साइड या सर्वांना पाण्याचे रेणू सीलंटच्या रेणूंपेक्षा अधिक प्रिय असतात. पाणी कडेने हळूहळू आत शिरते, सीलंटची जागा घेते आणि कुठेही काही न फाटता पट्टी मोकळी होते. पहिले काही महिने सगळे ठीक होते आणि पावसानंतर सुटले, हा क्रम त्यामुळे अगदी अपेक्षित आहे.

सिलेन प्रायमर नेमका इथे उपयोगी पडतो. त्याच्या रेणूच्या एका टोकाला सिलिकॉन या मूलद्रव्याच्या अणूला (सिलिकॉन सीलंटला नव्हे) जोडलेले अल्कॉक्सी गट असतात. हवेतल्या ओलाव्याने त्यांचे सिलॅनॉल होते आणि ते काचेवरच्या किंवा धातूच्या ऑक्साइडवरच्या हायड्रॉक्सिल गटांशी रासायनिक बंध करतात. दुसऱ्या टोकाला अमाइन किंवा इपॉक्सीसारखा गट असतो, तो सीलंटच्या घट्ट होण्याच्या प्रक्रियेत स्वतः सामील होतो. एक हात पृष्ठभागाच्या हातात आणि दुसरा सीलंटच्या हातात, अशी ही व्यवस्था आहे. पावडर कोटिंगवर असे हायड्रॉक्सिल गट कमी असतात, म्हणून तिथल्या प्रायमरमध्ये पृष्ठभागात किंचित शिरणारे द्रावक आणि फिल्म करणारे राळेसारखे घटकही असतात. पाण्याने यातले बंध तुटू शकतच नाहीत असे नाही, पण रेणू एकमेकांनाही जोडले जाऊन जाळे तयार झालेले असल्याने पाण्याला आत शिरणे अवघड जाते आणि तुटलेला बंध पुन्हा जुळायला वाव राहतो.

म्हणून प्रायमर लावलेला आणि न लावलेला असे दोन नमुने कोरडे असताना ओढून पाहिले, तर पुष्कळदा दोन्ही सारखेच निघतात आणि शंकेखोर जिंकतात. तेच नमुने पाण्यात ठेवून मग ओढले की फरक दिसतो. सीलंटची पकड सोलून मोजण्याच्या एएसटीएम (अमेरिकेतली मानके ठरवणारी संस्था) सी 794 या पद्धतीत घट्ट झालेले नमुने 7 दिवस पाण्यात ठेवण्याची पायरी आहे, ती उगाच नाही.

भिजवण्याची पायरीच पार पडत नाही, अशीही सामग्री असते. पाण्याचा पृष्ठताण सुमारे 72 मिलिन्यूटन प्रति मीटर आहे, इपॉक्सीचा चाळिशीत. पॉलिथिन आणि पॉलिप्रोपिलिन यांची पृष्ठऊर्जा मात्र तिशीच्या आसपास आणि टेफ्लॉनची विसाच्या आत. द्रवाचा ताण घन पृष्ठभागाच्या ऊर्जेपेक्षा जास्त असला की तो पसरण्याऐवजी थेंब करून बसतो. पॉलिप्रोपिलिनच्या झाकणाला झटपट चिकटणारे सायनोअ‍ॅक्रिलेट लावून ते टपकन सुटल्याचा अनुभव अनेकांना असेल. त्यासाठी हेप्टेनसारख्या द्रावकातला वेगळा प्रायमर मिळतो, पण त्याचा पावडर कोटिंगशी काही संबंध नाही. 'प्रायमर' या एका शब्दाखाली किती वेगळ्या गोष्टी विकल्या जातात, ते यावरून ध्यानात यावे.

विमानांच्या पत्र्यांच्या बाबतीत ही गोष्ट फार महागात पडलेली आहे. 28 एप्रिल 1988 रोजी अलोहा एअरलाइन्सच्या 243 क्रमांकाच्या उड्डाणात बोइंग 737 चे छप्पर हवेतच उडाले. पत्र्यांचे सांधे जोडणारे थंड पद्धतीचे (उष्णता न देता घट्ट होणारे) चिकटकाम सुटत जाऊन त्यात ओल आणि गंज शिरला होता, आणि सारा भार रिव्हेटांवर येऊन त्यांच्या छिद्रांपाशी तडे गेले होते. ही थंड पद्धत तोपर्यंत कारखान्यात केव्हाच बंद झालेली होती. त्या थंड पद्धतीनंतरच्या विमानबांधणीत अ‍ॅल्युमिनियमवर फॉस्फोरिक आम्लाने अ‍ॅनोडायझिंग करून लगेच गंजरोधक प्रायमर देण्याची रीत रुळली. आपल्या खिडकीवर कोणाचा जीव टांगलेला नाही हे मान्य, पण पाणी दोन्ही ठिकाणी त्याच वाटेने शिरते.

नवशिका_सांधेकरी

इतक्या सविस्तर उत्तरांबद्दल आभारी आहे. जुने सिलिकॉन नव्हते, फट नवीच होती.

सीलंटच्याच उत्पादकाचे दोन वेगळे प्रायमर आणले आणि टाकाऊ तुकड्यांवर प्रयोग केला. पकड चांगली यावी म्हणून दोन्हींवर ब्रशने भरपूर, दोन-दोन हात मारले. काँक्रीटवर चकचकीत पिवळसर थर आला. अ‍ॅल्युमिनियमवर मात्र वाळल्यावर पांढुरकी, खडूसारखी झाक आली आणि अंगठ्याने चोळल्यावर तिची पूड निघाली. दोन दिवस इतर कामात गेल्याने सीलंट अजून भरलेले नाही. आता त्यावर सीलंट भरू का?

फटबंद

कृपया भरू नका. आपण भिंतीवरचा दुबळा थर काढून चौकटीवर नवा दुबळा थर तयार केला आहे! रंगकामातली दोन हातांची सवय इथे घातक ठरते. सिलेनच्या प्रायमरचा थर जितका पातळ तितका चांगला, कारण पृष्ठभागाशी जोडला जातो तो अगदी खालचा भाग. वर साचलेले जास्तीचे सिलेन आपापसात जुळून ठिसूळ पूड होते आणि सीलंट त्या पुडीला धरून बसते. धातूच्या बाजूला मी ब्रश वापरतच नाही. न झडणाऱ्या कापडावर प्रायमर घेऊन एकाच दिशेने एकदा पुसतो, आणि जास्तीचा दिसला तर लगेच कोरड्या कापडाने टिपतो. काँक्रीट सच्छिद्र असल्याने तिथे ब्रश योग्य आहे, आणि फार शोषणाऱ्या जागी उत्पादकाने सांगितले असेल तर दुसरा हातही द्यावा लागतो. पण पृष्ठभागावर ओघळ आणि डबकी राहता कामा नयेत.

दोन दिवस थांबलात हीसुद्धा चूकच झाली. प्रत्येक प्रायमरला वेळेच्या दोन मर्यादा असतात. पहिली, द्रावक उडून जाण्यासाठी किमान किती थांबायचे. त्याआधी सीलंट भरले तर द्रावक आत कोंडला जाऊन बुडबुडे येतात आणि पकड मऊ राहते. दुसरी, जास्तीत जास्त किती वेळात सीलंट भरलेच पाहिजे. त्यानंतर प्रायमरचे क्रियाशील गट हवेतल्या ओलाव्याशीच जुळून संपतात आणि वर धूळही बसते. हे आकडे बाटलीगणिक आणि हवामानागणिक बदलतात, म्हणून ते पत्रकातूनच घ्यावेत. जेवढे सांधे त्या वेळेत भरून होतील तेवढ्यांनाच प्रायमर लावावा.

बाटलीबद्दल थोडे सांगतो, कारण बिघडलेल्या बाटलीने माझे स्वतःचे अख्खे एक काम वाया गेलेले आहे. ओलाव्याने घट्ट होणारा प्रायमर बाटली उघडल्या क्षणापासून बिघडू लागतो. लागेल तेवढा लहान वाटीत ओतून बाटली लगेच घट्ट बंद करावी आणि वाटीतला उरलेला पुन्हा बाटलीत ओतू नये. मूळचा स्वच्छ असलेला प्रायमर गढूळ दिसला, तळाशी साका बसला किंवा तार धरू लागला, तर फेकून द्यावा. माझ्या त्या कामात बाटली किंचित दुधाळ झाली होती आणि मी ती हलवून वापरली. शिवाय बहुतेक प्रायमर ज्वालाग्राही असतात आणि काहींत आयसोसायनेट हे श्वासाला अपायकारक रसायन असते, तेव्हा हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा असल्याशिवाय काम सुरू करू नये.

सकाळी लवकर काम करत असाल तर चौकटीचे तापमान दवबिंदूच्या किमान 3 अंश सेल्सिअस वर आहे ना, हेही पाहावे. डोळ्यांना न दिसणारे दव धातूवर असते आणि प्रायमर त्या दवावर बसतो.

काचबसव्या

मी गाड्यांच्या पुढच्या काचा बसवतो, म्हणून वेगळ्या अंगाने थोडी भर घालतो. आमच्याकडेही पॉलियुरेथेनच असते, पण काचेच्या कडेला लावायचा प्रायमर काळा असतो. त्यातला कार्बन ब्लॅक शोभेसाठी नसून काचेतून येणारे अतिनील किरण अडवण्यासाठी असतो. पॉलियुरेथेन आणि काच यांच्या सीमेवर सतत ऊन पडत राहिले, तर तिथला पॉलियुरेथेनचा थर कुजतो आणि वरून धडधाकट दिसणारी काच निघून येते. काचेच्या कडेला भाजून बसवलेला काळा पट्टा असतो, त्याचाही एक हेतू हाच आहे. जिथे तो पट्टा अपुरा, तिथे प्रायमर अपरिहार्य. म्हणजे सर्वच प्रायमर केवळ पकडीसाठी नसतात. आपल्या चौकटीत काच-सीलंट असा सांधा नसल्याने हा मुद्दा तिथे लागू होत नाही, पण पुढे कधी काच चिकटवायची वेळ आली तर 'धातूवर पातळ, रंगहीन प्रायमर चालला म्हणून इथेही चालेल' असे करू नये.

शंकेखोर

पाण्यातला मुद्दा मला पटला. माझी कामे बहुतेक आतल्या, कोरड्या जागांची असतात, हे मी सांगायला हवे होते. पण मग जागेवर तपासायचे कसे? प्रत्येकाकडे प्रयोगशाळा नसते.

फटबंद

प्रयोगशाळेची गरज नाही, धारदार सुरी आणि मोजपट्टी पुरते. खऱ्या सांध्यातच, नंतर दुरुस्त करता येईल अशा ठिकाणी, हातभर लांबीचे दोन-तीन नमुने भरावेत : एक नुसता स्वच्छ करून, दुसरा प्रायमर लावून. एकघटकी पॉलियुरेथेन हवेतला ओलावा घेऊन बाहेरून आत, दिवसाला साधारण 2 ते 3 मिलिमीटर या वेगाने घट्ट होते, म्हणून घाई न करता तीन आठवडे थांबावे. त्यानंतर सांध्यावर एक आडवा छेद द्यावा आणि त्या छेदापासून दोन्ही कडांलगत साधारण 50 ते 75 मिलिमीटर लांबीचे दोन छेद खाली आणावेत. मोकळ्या झालेल्या शेपटीवर, अजून चिकटून असलेल्या जागेपासून 25 मिलिमीटर अंतरावर पेनाने खूण करावी आणि शेपटी काटकोनात हळूहळू ओढावी. खूण किती दूर जाईपर्यंत सीलंट धरून राहते ते मोजपट्टीवर पाहावे आणि उत्पादकाने त्या सीलंटसाठी दिलेल्या आकड्याशी ताडून पाहावे. ते कुठून सुटते हे त्याहून महत्त्वाचे : सीलंट मधोमध फाटले तर उत्तम, कडेने स्वच्छ सुटले तर नापास. दोन्ही कडा वेगवेगळ्या तपासाव्यात. आणि रेणूवाचक यांनी म्हटल्याप्रमाणे निम्मा नमुना आठवडाभर ओल्या फडक्याखाली ठेवून मग ओढावा.

फटीत फोमचा बॅकर रॉड (सीलंटच्या मागे बसवायची गोल दांडी) घालायला विसरू नका. प्रायमर त्या रॉडवर ओघळू देऊ नका, नाही तर सीलंट तिसऱ्या बाजूलाही चिकटेल, त्याला ताणायला जागा उरणार नाही आणि दोष मात्र प्रायमरला लागेल.

नवशिका_सांधेकरी

महिनाभराने लिहितो आहे. पांढुरका थर पूर्ण काढून टाकला आणि वर सांगितल्याप्रमाणे नमुने भरले. 21 दिवसांनी कोरडे भाग ओढले, तेव्हा अ‍ॅल्युमिनियमच्या बाजूला प्रायमर असलेला आणि नसलेला असे दोन्ही नमुने सीलंटमध्येच फाटले. फरक काहीच दिसला नाही. आठवडाभर ओल्या फडक्याखाली ठेवलेल्या भागात मात्र प्रायमर नसलेली कड खालच्या टोकाकडून दोन बोटे स्वच्छ सुटली आणि तिच्यावर तोच संत्र्याच्या सालीचा ठसा होता. प्रायमर असलेली कड ओलीतही फाटल्याशिवाय सुटली नाही.

काँक्रीटच्या बाजूला प्रायमर लावलेल्या नमुन्यातही एका टोकाला पिवळसर फिल्मसकट राखाडी पूड उखडून आली. नीट पाहिले तर फटीच्या त्या कोपऱ्यात ग्राइंडरचे पाते पोहोचलेलेच नव्हते. उद्या तो कोपरा छिन्नीने उघडून पुन्हा घासणार आहे.